एक, दहा, शंभर, अकरा

आमच्या कुरिअर कंपनीत राजाजीनगरहून जयनगरला पाठवलेलं पाकीट आधी होसकोट्याला जायचं. राजाजीनगर शहराच्या पश्चिमेला, जयनगर दक्षिणेला, आणि होसकोटे पूर्वेला, शहर संपल्यावरही बराच वेळ जात राहिलं की लागतं. सायकलवरून तासाभरात गाठता येईल अशा माणसाकडे जाण्यासाठी ते पाकीट संध्याकाळी व्हॅनमधून शहराबाहेर पडे, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये मुक्काम करी आणि सकाळी नऊच्या सुमारास पुन्हा शहरात येई. यामागे एक तत्त्व होतं. तत्त्व असल्याशिवाय इतका मूर्खपणा रोज नेमाने करता येत नाही.

ते तत्त्व आम्हाला नव्या मॅनेजरांनी समजावून सांगितलं. ते मुंबईहून आले होते आणि टाय लावत. टायला बेंगळूरची हवा चांगली, असं म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या जयनगर शाखेतल्या फळ्यावर खडूने सायकलचं चाक काढलं. मधला तुंबा म्हणजे हब, आऱ्या म्हणजे रस्ते, आणि आऱ्यांच्या टोकांना आम्ही. सायकलच्या चाकाची माहिती त्या खोलीत त्यांच्याखेरीज सगळ्यांना होती, कारण आम्ही सातही जण सायकलवरूनच पाकिटं वाटत होतो.

आमच्यात सर्वांत जुने होते ते अण्णा. पन्नाशीला टेकलेले, अंगाने काटकुळे, आणि जयनगरच्या प्रत्येक फाटकातलं कुत्रं ओळखणारे. माझ्यासारखंच त्यांचंही घराणं इथे येऊन तीनशे वर्षं झालेली. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि रागावले की दोन्ही एकदम. त्यांनी हात वर केला.

"सर, तुंबा चाकाच्या मधोमध असतो ना?"

"अर्थात."

"मग आपला होसकोट्याला कसा?"

मॅनेजर हसले. "तो कॉन्सेप्ट आहे अण्णा. लिटरली घ्यायचं नसतं."

"सरी सर," अण्णा म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि त्यांनी हात खाली घेतला.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. इतिहासात एम.ए. केलं होतं, म्हणजे बेकारांमध्ये माझा दर्जा जरा वरचा होता. सकाळी मी इतरांसारखाच पाकिटं वाटी आणि दुपारनंतर शाखेतली पत्रं टाइप करी, कारण टाइपरायटरला हात लावण्याची बाकी कुणाची इच्छा नव्हती. त्यामुळे नियम माझ्याच हातून कागदावर उतरत आणि माझ्याच पायांना पाळावे लागत.

होसकोट्याहून येणाऱ्या व्हॅनमध्ये पाकिटांबरोबर छापील यादी येई. तिला शीट म्हणत. पूर्वी अण्णा जमिनीवर पाकिटं पसरून पाच मिनिटांत त्यांचा रस्ता लावत: हा ब्लॉक, मग तो, चढ सकाळी, उतार दुपारी. आता ते काम होसकोट्यातला संगणक करी. बेंगळुरात पत्ता म्हणजे नुसते आकडे. घर नंबर अमुक, अमुकावा क्रॉस, अमुकावा मेन, अमुकावा ब्लॉक. ज्या कुणी तो प्रोग्राम लिहिला तो रस्त्यांना नावं असलेल्या गावचा असावा. पत्त्यातला पहिला आकडा म्हणजे घराचा नंबर, आणि नंबर ओळीने घेतले की घरं ओळीने येतात, असं त्याने धरलं होतं. त्यामुळे तिसऱ्या ब्लॉकमधल्या दहा नंबरनंतर नवव्या ब्लॉकमधला दहा नंबर येई. बरं, ओळ तरी माणसांची असावी. संगणक आकडे अक्षरांसारखे लावी: एक, दहा, शंभर, अकरा, एकशे दहा, बारा. दोन नंबरच्या घराची पाळी येईपर्यंत माणसाचा घाम वाळून पुन्हा फुटलेला असे.

शीटच्या क्रमानेच पाकिटं द्यायची, असा नियम झाला. या क्रमाने काम लवकर होतं, असं मॅनेजर म्हणाले. प्रत्येक सहीपुढे पोचल्याची वेळ लिहायची, आणि त्या वेळा वरून खाली चढत गेल्या पाहिजेत. तिसरी वेळ दुसरीच्या आधीची निघाली, की माणसाने स्वतःच्या मनाने रस्ता निवडला हे सिद्ध होई. त्याला मेमो. तीन मेमो झाले की घरी. आम्ही वाटेत कुठे बसून राहू नये म्हणून ही योजना होती. संशयातून निघालेले नियम फार बारकाईने आखलेले असतात.

पहिल्या महिन्यात अण्णांना दोन मेमो मिळाले. एकदा एका म्हाताऱ्या बाईंचा एक्स-रे त्यांनी आधी नेऊन दिला. दुसऱ्यांदा कारणही नव्हतं, जुनी सवय. दोन्ही मेमो मीच टाइप केले होते.

त्यानंतर आम्ही उपाय काढला. लोक सही करत, पण वेळ लिहायचा कंटाळा करत. तो रकाना रिकामा ठेवायचा, अण्णांनी लावून दिलेल्या रस्त्याने पाकिटं वाटायची, आणि दोन वाजता चौथ्या ब्लॉकमधल्या पार्कात जमायचं. तिथे झाडाखाली बसून मी सातही शीटवर वेळा भरी. पहिल्या ओळीला नऊ पस्तीस, दुसरीला नऊ बेचाळीस, असं चढत चढत दोनपर्यंत. माझ्याकडे चार पेनं होती आणि निरनिराळी अक्षरं काढायची हातोटी. डाव्या हाताने मी एका निवृत्त न्यायाधीशाचं अक्षर फार छान काढी. मंडळी मला जोईस म्हणू लागली, म्हणजे पंचांग बघणारा भटजी.

"जोइसरे, माझा मुहूर्त काढा लवकर. पोळून निघालोय."

"यांचा काढा आधी. यांना अजून राहूकाळाचं पाकीट द्यायचंय."

बाय-टू कॉफी येई, एका कपाची दोघांत, आणि मी सात जणांचा दिवस रचून देई. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्सल कागद आणि बखर यांतला फरक शिकवलेला असतो. मी रोज सात बखरी लिहीत होतो आणि कंपनीत त्या अस्सल म्हणून फाईलला लागत होत्या. मॅनेजरांनी मुंबईला कळवलं की शाखेत क्रमपालन शंभर टक्के झालं आहे. मुंबईहून अभिनंदनाचा फॅक्स आला. तो फ्रेम करून भिंतीवर लावला गेला. फॅक्सचा कागद उन्हाने पुसट होतो, हे कुणी सांगितलं नाही.

एका गुरुवारी दुपारी एक बाई शाखेत आल्या. कॉटनची साडी, खांद्याला झोळी, हातात पावती. राजाजीनगरच्या एका शाळेत त्या सहा वर्षं तात्पुरत्या ग्रंथपाल होत्या. जयनगरातल्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली होती. अर्ज मंगळवारी दुपारी बारापर्यंत पोचायला हवा होता. कागद पुरे व्हायला वेळ लागला म्हणून त्यांनी तो सोमवारी सकाळी आमच्या राजाजीनगरच्या काउंटरवर दिला होता, आणि काउंटरवरच्या माणसाने दुसऱ्या दिवशी नक्की म्हणून सांगितलं होतं.

"कॉलेजवाले म्हणतात, उशिरा आला," त्या म्हणाल्या. "त्यांच्या कारकुनाने अडीचला नोंद केली. तो जेवून आल्यावर. पाकीट त्याआधी वॉचमनकडे होतं. कधीपासून, ते वॉचमनच्या सांगण्यावरून धरत नाहीत. कुरिअरचं पत्र आणा म्हणाले, आत कधी दिलं त्याचं. उद्या चार वाजेपर्यंत."

मॅनेजरांनी तत्परतेने मंगळवारची शीट काढली. ग्राहकाला पुरावा दाखवण्याची संधी त्यांना आवडे. बोट ओळीओळीने खाली गेलं आणि शेवटच्या, एकतिसाव्या ओळीवर थांबलं.

"एक पन्नास, मॅडम."

बाईंनी शीट आपल्याकडे वळवून पाहिली. वॉचमनची सही होती. तिच्यापुढे काळ्या शाईत, जरा डावीकडे झुकलेल्या अक्षरात, १.५०. मी टाइपरायटरमागे बसलो होतो. ते अक्षर मला इतक्या लांबूनही वाचता आलं.

"पण मी पाकिटावर लाल शाईने लिहिलं होतं, बाराच्या आत म्हणून."

"मॅडम, आमच्या सिस्टिममध्ये प्रत्येक पाकीट इक्वल असतं."

त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, की या जागेला पस्तिसाची वयोमर्यादा आहे, आणि त्यांना पस्तीस पूर्ण व्हायला चार महिने राहिले आहेत. पुढची जाहिरात येईल तेव्हा त्यांचं वय बसणार नाही. मॅनेजर म्हणाले, आय अंडरस्टँड. बाई उद्या पुन्हा येते म्हणून निघून गेल्या.

ती शीट अण्णांची होती.

संध्याकाळी मागच्या शेडमध्ये अण्णा सायकलच्या चाकात हवा भरत होते. मी शेजारी उभा राहिलो.

"अण्णा, मंगळवारचं कॉलेजचं पाकीट. लाल शाईवालं. कधी दिलंत?"

"दहा चाळीस."

"नक्की?"

"वॉचमनला विचारलं टायम. नवं घड्याळ घेतलंय त्यानं, सगळ्यांना दाखवत असतो. का रे?"

"मी एक पन्नास लिहिलंय."

पंप थांबला. मी बाईंबद्दल सांगितलं. वयाचं, उद्या चारचं. त्यांनी पुन्हा पंप मारायला सुरुवात केली. चाक आधीच टणक झालं होतं.

"माझे दोन झालेत, ठाऊक आहे ना?"

"आहे."

"तूच टाइप केलेस."

"हो."

"एकतीस नंबरचं पाकीट दहा चाळीसला दिलं म्हणालो की तिसरा. अर्धा तास नाही लागायचा त्यांना." त्यांनी पंप भिंतीला टेकवला. "शीटप्रमाणे गेलो असतो तर दोनला पोचलो असतो. बाईचं काम गेलं असतं, पण माझ्यामुळे गेलं असं झालं नसतं. लाल शाई बघितली, म्हटलं कुणाचं तरी काय तरी असेल, आधी टाकू. त्यात तू मला दुपारी नेऊन बसवलंस."

"शीट जमवायला लागते, अण्णा."

"लागते. मी कुठे नाही म्हणतोय." मग ते म्हणाले, "आता सुम्ने बस. तुला लिहायला शिकवलं सगळ्यांनी, गप्प बसायला कुणी शिकवलं नाही."

घरी जाऊन मी जेवलो नाही, असं लिहिलं तर शोभेल, पण मी जेवलो. झोप मात्र आली नाही. दोन नोकऱ्या होत्या, एक गेलेली आणि एक जाण्याजोगी, आणि दोन्हींच्या मध्ये माझं सुवाच्य अक्षर.

शुक्रवारी बाई बारा वाजताच आल्या आणि बाकावर बसून राहिल्या. मॅनेजर दोनदा बाहेर येऊन, रेकॉर्डच्या विरुद्ध पत्र देता येत नाही म्हणून सांगून गेले. एक वाजला, दोन वाजले. त्या दिवशी मी फेरी लवकर आटोपून शाखेतच थांबलो होतो, पार्कात गेलो नाही. बाईंनी झोळीतून डबा काढला, उघडला आणि पुन्हा बंद केला. भिंतीवरच्या घड्याळाखालीच त्यांचा बाक होता. त्यांना घड्याळ दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

अडीच वाजता मी केबिनमध्ये गेलो.

"सर, ती एक पन्नासची वेळ खरी नाही. ती मी लिहिली."

त्यांनी दार लावून घेतलं.

"म्हणजे?"

"मागाहून लिहिली. पाकीट दहा चाळीसला दिलं होतं."

"एकच वेळ लिहिली?"

ते उठून कपाटाशी गेले आणि त्यांनी महिन्याभराच्या शीटांचा गठ्ठा टेबलावर आणून ठेवला. एक उघडली, दुसरी उघडली. कागदांकडे पाहण्याची त्यांना सवय होती. अक्षरांकडे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. न्यायाधीशसाहेबांचं अक्षर तीन वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये सापडल्यावर त्यांनी गठ्ठा मिटला.

"किती जण आहेत यात?"

"मी आहे, सर."

"नावं लिहून दे."

"माझं देतो."

"अरे, तुला कळतंय का काय बोलतोयस? हंड्रेड पर्सेंट म्हणून मुंबईला कळवलंय मी. दर सोमवारी फोन येतो. तुम्हाला वाटतं मी इथे राजा आहे." ते खाली बसले. "आणि दहा चाळीस म्हणजे काय? एकतिसाव्या नंबरचं पाकीट. आधीची तीस दिली नाहीत. अण्णाचा तिसरा मेमो. तुला तेच पाहिजे?"

"नाही."

"मग मला खरं काय ते सांगू नकोस. फाईलला लावता येईल असं काहीतरी सांग."

इतकं प्रामाणिक वाक्य मी त्यांच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं. बाहेर तीन वाजत आले होते. मॅनेजरांनी दार उघडून हाक मारली आणि फेरीवरून नुकतेच परतलेले अण्णा आत आले. खांद्यावर रिकामी पिशवी होती. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या शीटकडे, आणि काय झालंय ते त्यांना कळलं. माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

"कॉलेजचं पाकीट किती वाजता दिलं, अण्णा?"

उघड्या दारातून बाक दिसत होता. बाई इकडेच बघत होत्या.

"दहा चाळीस."

"आणि आधीची तीस?"

"त्याच्या आधी."

मॅनेजरांना आधी ऐकूच आलं नाही. "काय?"

"त्याच्या आधी दिली, सर. शीटप्रमाणे. एक, दहा, शंभर, अकरा. सगळी."

"साडेनऊला निघून? दहा चाळीसपर्यंत?" मॅनेजरांनी कॅल्क्युलेटर ओढला. "दोन मिनिटं वीस सेकंदांत एक?"

"तुम्हीच म्हणाला होता सर, या क्रमाने काम लवकर होतं म्हणून. झालं." अण्णांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. "शीट बरोबर असेल तर मीही बरोबर. शीट चूक असेल तर तसं लिहा."

तिसऱ्या ब्लॉकमधून नवव्यात आणि परत, सत्तर मिनिटांत तीस वेळा, हे सायकलला शक्य नाही, व्हॅनलाही नाही, आणि हे टायमधल्या त्या माणसाला नक्कीच समजत होतं. पण त्याच्यासमोर लिहिण्याजोगे दोनच कागद होते. एकात त्याची पद्धत खोटी ठरत होती, दुसऱ्यात ती आश्चर्यकारक ठरत होती. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात सर्वांत जलद लिहिलं. शीटवरची प्रत्येक जुनी वेळ खोडून नवी घातली: नऊ बत्तीस, नऊ चौतीस, नऊ सदतीस. प्रत्येक खाडाखोडीपुढे मॅनेजरांनी आद्याक्षरं केली, एकतीस वेळा. तळाला लिहिलं, वेळा नोंदवताना लिपिकाची चूक. एकतिसाव्या ओळीत मी १०.४० लिहिलं. महिन्याभरात त्या रकान्यात मी लिहिलेली ती पहिली खरी वेळ, आणि तिला बसायला जागा व्हावी म्हणून तीस नव्या खोट्या लागल्या. मग पत्र टाइप केलं. घाईत कॉलेजचं नाव दोनदा चुकलं. तीन पस्तीसला बाई पत्र घेऊन पायऱ्या उतरल्या. अण्णांनी रस्त्यात उभं राहून त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला कन्नडात रस्ता सांगितला: मार्केटवरून नको, मागून ने.

अर्ज स्वीकारला गेल्याचं बाईंनी त्याच संध्याकाळी फोन करून कळवलं. मॅनेजरांनी मला लिपिकाच्या चुकीबद्दल मेमो दिला, तो मीच टाइप केला, आणि प्रकरण मिटलं असं मला वाटलं. मी कधी कारखान्यात काम केलं नव्हतं. एकाने एकदा जास्त काम केलं की काय होतं, हे अण्णांना माहीत असावं.

शीट शनिवारच्या थैलीतून होसकोट्याला गेली आणि तिथून मुंबईला. तिथे कुणीतरी ती वाचली. तीन आठवड्यांनी फॅक्स आला: सत्तर मिनिटांत एकतीस पाकिटं ही कामगिरी अनुकरणीय आहे, इतरांकडूनही अपेक्षित आहे. दहा चाळीसपर्यंत तीस, असा नवा नियम लागला. त्याच्याबरोबर छापील चिठ्ठ्याही आल्या, प्रत्येक पाकिटावर चिकटवायच्या: कृपया पोचल्याची वेळ स्वतःच्या हाताने लिहावी. मॅनेजरांनी ते मुंबईला आपणहून सुचवलं होतं. तेही शिकत होते.

लोकांनी वेळा लिहायला सुरुवात केली. माझी चार पेनं निरुपयोगी झाली. पार्कात दोन वाजता आम्ही अजून जमत होतो, पण कॉफी ज्याची त्याची होती.

"आलं रॉकेट," अण्णांना पाहून एक जण म्हणाला.

"उठा रे, जागा द्या. थांबलेत तोवर पाच पाकिटं वाटून होतील त्यांची."

"जोइसरे, आमचा मुहूर्त काय? की आता फक्त रॉकेटांसाठीच पंचांग?"

अण्णा बसले. एक जण, चांगला माणूस होता तो, घरी आजारी बायको, कप खाली ठेवून म्हणाला, "तुम्हा दोघांना एका बाईची दया आली. सरी. आमची कुणाला येणार? मला काल पहिला मिळाला, आज दुसरा." अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. मी काहीतरी समजावायला लागलो, तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून ते पार्कात आले नाहीत.

बाकीच्यांचे मेमो पहिल्यापासून मोजायचे होते. अण्णांचा पहिलाच तिसरा होता, म्हणून मॅनेजरांनी तो तीन दिवस लांबवला. नियम लागल्याच्या चौथ्या दिवशी मॅनेजरांनी मला मजकूर सांगितला: स्वतः सिद्ध केलेल्या क्षमतेपेक्षा कमी काम. मी टाइप करायचं थांबलो.

"सर, ती शीट कशी झाली ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "तुलाही माहीत आहे. फाईलला माहीत नाही."

मी कागद काढून दिला असता, उठून गेलो असतो, तर आज सांगायला बरं वाटलं असतं. मी तो मेमो पूर्ण टाइप केला. चुका एकही झाल्या नाहीत. अण्णांनी सही केली, पिशवी झटकून घडी घातली आणि टेबलावर ठेवली, आणि सगळ्यांना सांगून गेले. पार्कात त्यांना बोललेला तो माणूस फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बाकीच्यांचे दोन-दोन झाल्यावर मॅनेजर थांबले, कारण तिसरा दिला असता तर पाकिटं वाटायला कुणी उरलं नसतं.

दीडेक महिन्याने बाई पुन्हा शाखेत आल्या. हातात म्हैसूरपाकाचा खोका होता. मुलाखत झाली, निवड झाली, सोमवारपासून कॉलेजात. त्या दिवशी रिक्षा करून देणारे ते सायकलवाले अण्णा कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं.

"ही हॅज मूव्ह्ड ऑन," मॅनेजर म्हणाले.

"हो का? चांगलं झालं," बाई म्हणाल्या. "त्यांना नक्की द्या हे." त्यांनी दोन तुकडे बाजूला काढून कागदात बांधले. बाकीचा खोका फिरला. सगळ्यांनी घेतला. बाईंना कुणीही काही सांगितलं नाही, आणि तेवढ्यापुरतं आमच्यात महिनाभराने प्रथमच एकमत झालं होतं. मॅनेजरांनी एक तुकडा घेतला, टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच होता.

संध्याकाळी मी ती पुडी घेऊन अण्णांच्या घरी गेलो. ते दारातल्या पायरीवर बसून शेंगा सोलत होते. अजून कुठे लागले नव्हते. एका छापखान्यात विचारलं होतं. मला पाहून त्यांनी जागा करून दिली. मी पुडी हातात दिली आणि कुणी दिली ते सांगितलं.

"कायम की तात्पुरती?"

"कायम."

त्यांनी पुडी उघडली, एक तुकडा मला दिला, एक तोंडात टाकला आणि थोडा वेळ चावत राहिले.

"तूप कमी घातलंय," ते म्हणाले. मग शेंगांची परात पुढे ओढली. "कॉलेजकडची पाकिटं आता कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"एकच्या आत जात जा. नंतर तो वॉचमन जेवायला जातो, गेटवर कुणी नसतं."